दोन मिनिटं टेकते

१

टकळीने शनिवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत एकशे बारा खुर्च्यांचे फोटो काढले होते. टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एकदा सुरू झाली की ती थांबायची नाही, म्हणून लहानपणी घरात पडलेलं नाव, आणि आता ऑफिसातही तेच चालायचं. ऑफिस म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढून देणारी चार जणांची कंपनी. ओटा किती उंच हवा, कपाट किती खोल, फ्रिजचं दार कुणाच्या कपाळावर आपटणार, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि याच टकळीच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात गेले तीन आठवडे एक दणकट जेवणाचं टेबल उभं होतं, त्याला खुर्ची म्हणून एक नव्हती.

टेबल आईबाबांच्या घरातलं. त्याच्या चार खुर्च्या आई गेल्यावर महिन्याभरात बाबांनी देऊन टाकल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून ते ओट्याशी उभं राहून जेवायचे, ताट ओट्यावर आणि पाठ सगळ्या जगाकडे. चौदा महिन्यांत अकरा किलो उतरले. मग एकदा जेवता जेवता चक्कर येऊन पडले, आणि टकळीने आणि तिच्या दादाने बाबापुता करून त्यांना महिन्याभरासाठी टकळीच्या फ्लॅटवर आणलं. महिना पुढच्या रविवारी संपत होता. दादा गाडी घेऊन न्यायला येणार होता, आणि बाबांनी बॅग आत्ताच भरून दाराजवळ ठेवली होती. परत त्या रिकाम्या घरात, परत उभ्याने दोन घास. टकळीचं गणित साधं होतं. खुर्च्या आल्या की बाबा बसतील, बसले की जेवतील, आणि जेवायला लागले की राहतील.

नव्या खुर्च्या तिला नको होत्या. नव्या खुर्च्या सगळ्या एकाच वर्गातल्या मुलांसारख्या दिसतात, असं तिचं मत. तिला हव्या होत्या चार वेगवेगळ्या, जुन्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या.

दुकान एका बंद पडलेल्या छापखान्यात होतं. खुर्च्या भिंतींना टांगलेल्या, एकमेकींवर रचलेल्या, काही तंगड्या वर करून पडलेल्या. मधोमध एक म्हातारी बाई खुर्चीचा सांगाडा मांडीत धरून वेत विणत बसली होती. टकळीने तिला लगेच मावशी करून टाकलं आणि आपलं सगळं ज्ञान तिच्यापुढे ओतलं. खुर्ची आधी उलटी करून बघायची. सांधे हलवायचे, खुळखुळले तर नको. बारीक भोकं दिसली आणि खाली पिठासारखा भुसा पडला तर कीड अजून जिवंत आहे. खिळे ठोकलेत की लाकडात लाकूड बसवलंय ते बघायचं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, खुर्च्या कळल्या, बसणार कोण ते सांग.

ही त्यांची पद्धत. त्यांच्याकडे खुर्ची कुणी निवडायचं नाही. बसणाऱ्याचं वर्णन करायचं, मावशी काढून देणार.

"आम्ही चौघं," टकळी म्हणाली आणि सुटलीच. बाबा उंच आहेत, कंबर धरते त्यांची, त्यांना पाठ सरळ हवी. दादा आडवा आहे, फक्त रविवारी येतो पण आला की अख्ख्या आठवड्याचं बसून घेतो. मी मांडी घालून बसते, हात असलेली खुर्ची मला चालत नाही. आणि आई बुटकी आहे, कुठल्याच खुर्चीवर बसली तरी तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत.

मावशींनी तीन खुर्च्या काढल्या. प्रत्येक वेळी एवढंच म्हणाल्या, "बसून बघ." टकळी बसली, उठली, परत बसली. मावशींनी तिला कान द्यायला सांगितलं. माणूस बसलं की वेत ताणला जातो आणि एकदाच बोलतो, कर्र. उठलं की सैल होताना बराच वेळ बारीक बोलत राहतो, टिक, टिक, टिक. टकळीला हे इतकं आवडलं की तिने मोबाइलवर दोन्ही आवाज टिपून घेतले.

चौथी खुर्ची मावशींनी सगळ्यात मागून आणली. बिनहातांची, अरुंद, आणि पुढच्या दोन पायांच्या मध्ये खाली एक आडवी फळी, पाय टेकवायला. टकळी बसायला गेली तर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"ही नको. ही जिची आहे ती बसून बघेल."

घरी परतल्यावर इमारतीच्या लिफ्टच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण 'आहे' म्हणालो. आई बुटकी आहे. चौदा महिने झाले आणि जीभ अजून 'होती'वर आली नव्हती. फोन करून सांगावं का? मग तिला वाटलं, जाऊ दे, टेबल तर चौघांचंच आहे.

२

सोमवारी संध्याकाळी टेम्पोवाल्यांनी चारही खुर्च्या वर आणल्या. अरुंद खुर्चीच्या फळीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती, पॉलिश ओलं आहे, बुधवारपर्यंत पाय लावू नये.

टकळीचं स्वयंपाकघर लांबट. एका टोकाला ओटा आणि ओट्यावर खिडकी, मधोमध टेबल. खिडकीबाहेर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे काचेतून दिवसासुद्धा बाहेरचं काही दिसायचं नाही, आतलंच उलटं दिसायचं. लोकांना उजेडाची स्वयंपाकघरं काढून देणाऱ्या बाईला स्वतःला हे असलं मिळालं, यावरून ऑफिसात तिची भरपूर टर उडवून झाली होती.

तिने बाबांना एकेका खुर्चीची ओळख करून दिली, नवी पाहुणी आल्यासारखी. बाबांनी आपल्या उंच खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, लाकूड चांगलं आहे म्हणाले. दादाच्या खुर्चीकडे बघून तर हसलेसुद्धा. फळीवाल्या खुर्चीपाशी ते जरा जास्तच वेळ थांबले. मग ताट घेतलं, ओट्याशी गेले आणि खिडकीकडे तोंड करून उभ्याने जेवायला लागले.

टकळीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या बाबतीत ही घटना डायरीत लिहून ठेवण्यासारखी होती. मग ती आपल्या खुर्चीवर मांडी घालून एकटीच जेवली, बाबांच्या पाठीशी गप्पा मारत. पाठ हं, हं करत राहिली.

तिला आठवत होतं, आई रोज म्हणायची, "दोन मिनिटं टेकते हं." आणि मग कुणाला तरी पाणी लागायचं, कुणाला लोणी, कुणाचं दूध उतू जायचं. ती दोन मिनिटं कधी झालीच नाहीत. कुणाच्या लक्षातही यायचं नाही, कारण आई उभीच असायची हे भिंत उभी असण्याइतकं नेहमीचं होतं.

ताटं धुऊन झाली, बाबा बातम्या लावून बसले, पलंगावर. टकळीने खुर्च्या आत सरकवायला घेतल्या. पहिली, दुसरी, तिसरी. चौथी सरकवताना तळहात बसायच्या वेतावर पडला.

वेत उबदार होता.

बसमध्ये कुणीतरी नुकतंच उठलेल्या जागेवर आपण बसतो ना, आणि ती अनोळखी ऊब पँटमधून अंगाला लागते, आणि आपण जरासे वर होतो. तशी ऊब. टकळीने हात उचलला, कपड्याला पुसला आणि बाकीच्या तीन खुर्च्यांना लावून पाहिला. स्वतःची कोमट होती, ती तासभर बसली होती म्हणून. बाबांची आणि दादाची गार, लाकूड असतं तशी.

३

टकळी काही भित्री नव्हती. तिने कारणं शोधली. ऊन? या स्वयंपाकघरात ऊन आलंच नव्हतं कधी. खालच्या मजल्यावर भट्टी, इस्त्री, काही? खाली एक दातांचे डॉक्टर होते आणि सहाला दवाखाना बंद करून जायचे. वरचा दिवा? मग टेबल आधी तापलं असतं. ओलं पॉलिश वाळताना गरम होत असेल. हे तिला पटलं. दोन दिवस हे पुरलं.

बुधवारी ऑफिसातून आल्यावर तिने चिठ्ठी सोडली आणि फळी बघायला खाली वाकली. पॉलिश छान चकाकत होतं, दोन ठिकाणं सोडून. दोन छोटे, मंद, गोलसर ठसे, शेजारी शेजारी. पुसलेले नव्हेत, दाबलेले. ओल्या रंगावर कुणी अलगद काही टेकवून ठेवावं तसे.

तिने बाबांना हाक मारली आणि सरळ विचारलं, पाय ठेवलात का. बाबांचा पाय म्हणजे नऊ नंबर, तो त्या फळीवर मावलाही नसता, पण दुसरं विचारणार कुणाला? बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"पोचतात की," ते हळूच म्हणाले, आणि बाहेर जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

टकळीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

गुरुवारी ती घरूनच काम करत होती. दुपारचे बारा. बाबा खाली चकरा मारायला गेले होते, किल्ली घेऊन, दार तिने स्वतः लावून घेतलं होतं. आतल्या खोलीत ती एका गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर नकाशा समजावत होती. इथे ओटा, इथे टेबल, हे चार चौकोन म्हणजे चार खुर्च्या. गिऱ्हाईक म्हणाले, आम्ही पाच जण आहोत. ती म्हणाली, अहो मग पाचवा चौकोन काढते ना, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

कर्र.

एकदाच. तिच्या मोबाइलमध्ये होता अगदी तसा. तिने माइक बंद केला. आता टिकटिक येईल, असं तिला वाटलं. लाकूड आहे, हवेने फुगतं, आखडतं, आवाज करतं. हवेने वेत ताणला गेला असेल तर हवेने सैलही होईल. तिने वाट पाहिली. गिऱ्हाईक पडद्यावर ओठ हलवत होते. नळ मधूनच एक थेंब सोडत होता. टिकटिक आली नाही.

म्हणजे कुणीतरी बसलं होतं, आणि अजून उठलं नव्हतं.

ती उठली. पॅसेजमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आठ पावलं होती, तिने स्वतः मोजून भाडेकरार केला होता. सातव्या पावलावर ती थांबली. दारातून टेबलाचं एक टोक दिसत होतं आणि आत सरकवलेल्या दोन खुर्च्या. तिसरी दिसण्यासाठी मान पुढे करावी लागणार होती. तिने केली. चौथीसाठी आठवं पाऊल टाकावं लागणार होतं.

ते तिने डोळे मिटून टाकलं. उघडले तेव्हा समोर खुर्ची होती, नुसती खुर्ची, रिकामी. फक्त सकाळी तिने आत सरकवली होती, आणि आता टेबलापासून वीतभर मागे होती. माणसाच्या पोटाला जागा लागते तेवढीच.

मग मात्र टकळीने पाठीला धरून ती खुर्ची ओढत, फरशीवर कर्कश आवाज करत गॅलरीत नेली आणि दार लावून टाकलं. नको त्या जागी हात लागू नये म्हणून ती बसायच्या वेताकडे बघतही नव्हती.

बाबा वर आले. टेबलाच्या त्या बाजूची मोकळी जागा त्यांनी पाहिली. काही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी ताट घेतलं, ओट्यावर ठेवलं, खिडकीच्या काचेकडे जरा वेळ पाहिलं आणि ताटावर झाकण घातलं. रात्रीचंही तसंच. भूक नाही म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सातला दाराच्या कडीचा आवाज आला म्हणून ती बाहेर आली. बाबा गॅलरीतून खुर्ची आत आणत होते. ओढत नव्हते. दोन्ही बाजूंनी धरून, छातीपाशी उचलून, एकेक पाऊल जपून टाकत. काठोकाठ भरलेलं पातेलं न सांडता न्यावं तसे. कंबर धरणारा माणूस, कपाळावर घाम, आणि हात जराही हलू देत नव्हते. एवढीशी बिनहातांची खुर्ची. टकळीला माहीत होतं ती किती हलकी होती.

खुर्ची टेबलाशी टेकवताना ते काहीतरी पुटपुटले. शुक्रवारी दोन्ही वेळा जेवले. उभ्यानेच, पण जेवले.

४

शनिवारी ती छापखान्यात गेली. मावशी तशाच बसल्या होत्या, मांडीत दुसरा सांगाडा. टकळीने या वेळी फोटोबिटो काढले नाहीत. विचारलं, ती खुर्ची कुणाची होती आधी, कोण बसायचं त्यावर. जुन्या वस्तूत काही राहून गेलेलं असतं असं म्हणतात, ते तिने मनात घोकून आणलं होतं. काही निघालं असतं, एखादी खडूस बाई, एखादा आजारी म्हातारा, तर तिला जवळपास बरंच वाटलं असतं. दुसऱ्या कुणाचं तरी भूत परत करता येतं.

मावशी म्हणाल्या, कुणीच नाही. पाठ एका मोडक्या खुर्चीची, पाय दुसरीचे, फळी एका कपाटाच्या दाराची. आधीचा वेत काढून गेल्या रविवारी नवा विणला, तू सांगून गेलीस त्यानंतर. त्या खुर्चीवर माझ्या दुकानात कुणी बसलेलं नाही. तुलाही बसू दिलं नाही.

टकळीने मग एकच गोष्ट कबूल केली, की त्या दिवशी आपण चुकून 'आहे' म्हणालो. आई चौदा महिन्यांपूर्वीच गेली.

मावशींचे हात थांबले नाहीत. वेताची पट्टी आत गेली, बाहेर आली.

"बाळा, मला कसं कळणार? तू आहे म्हणालीस, मी आहे ऐकलं."

टकळीने खुर्ची परत आणते म्हटलं. आण, मावशी म्हणाल्या, पण आधी एक सांग. टिकटिक ऐकलीस का? नुसती कर्र ऐकलीस, की टिकटिकसुद्धा?

टकळीने आठवून पाहिलं. सोमवारपासून शनिवारपर्यंत सगळं. नाही, ती म्हणाली.

"मग उठवणारी तू कोण?"

५

रविवारी दादा साडेअकरालाच आला. दारातली बॅग पायाने बाजूला सारत म्हणाला की काय टकळे, दुकान थाटलंस की घर. आपल्या खुर्चीवर त्याने धपकन बसून दाखवलं, वेत कर्र करून ओरडला, आणि ही माझ्या मापाची आहे हे तुला कोणी सांगितलं असं तो तिच्यावरच उखडला. फळीवाल्या खुर्चीवर त्याने जॅकेट टाकायला हात लांब केला. टकळीने ते हवेतच पकडलं आणि खुंटीवर अडकवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बटाट्याचा रस्सा आणि भात झाला होता. बाबांनी नेहमीप्रमाणे ताट वाढून घेतलं आणि ओट्याशी गेले. दादाने टकळीकडे पाहून खांदे उडवले. अडीच वाजता निघायचं होतं.

टकळीने आपलं ताट उचललं आणि बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ओटा तिच्यासाठी जरा उंच होता. तीन महिने त्याच ओट्यावर भाज्या चिरल्या, पण तिथे उभं राहून घास तोंडात घालायला किती अवघडल्यासारखं होतं ते तिला आत्ता कळलं.

"बाबा, बसत का नाही?"

बाबांनी घास संपवला. मागे दादा मोबाइलवर कसलीशी मॅच लावून बसला होता, त्याला ऐकू जात नव्हतं.

"माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून असायची," ते म्हणाले. "ओटा माझ्या पाठीमागे. तीस वर्षं मी जेवलो आणि ती माझ्या पाठीमागे उभी. मला वाटायचं, जेवत असेल. एकदाही मागे वळून पाहिलं नाही गं."

त्यांनी ताटातला भात बोटांनी एका बाजूला सारला.

"म्हणून मी इथे उभा राहतो. नुसता उभा राहायचो आधी. पण सोमवारपासून..." त्यांनी हनुवटीने समोर दाखवलं. काचेकडे.

टकळीने काचेकडे पाहिलं. आधी तिला स्वतःचं तोंड दिसलं, मग बाबांचं, मग मागचा दिवा. तिच्यातल्या नकाशेवालीने सवयीने सगळं मोजून घेतलं. टेबल. दादा, मान खाली घातलेला. उंच खुर्ची, रिकामी. तिची खुर्ची, रिकामी. चौथ्या खुर्चीची पाठ टेबलाआड अर्धी लपली होती, वर काही नव्हतं, निदान तिला तरी दिसलं नाही. मग तिची नजर खाली गेली, टेबलाखाली, जिथे काचेचा कोपरा जरा पिवळट होता. फळी. आणि फळीवर दोन पावलं. छोटी, टाचांना भेगा असलेली, एकीवर दुसरी न चढवता नीट शेजारी शेजारी, आरामात टेकलेली.

ती गर्रकन वळली. टेबलाखाली फळी होती, चकाकणारी, दोन मंद ठशांची. बस.

ती भ्यायली होती, खोटं कशाला बोला. पळायला हवं हे तिला कळत होतं. पण त्या टाचा तिला पाठ होत्या. लहानपणी तिने त्यांना क्रीम चोळून दिलं होतं, आणि अर्ध्यात आई उठून गेली होती.

"मग बसा ना बाबा तिच्यासमोर," ती कशीबशी म्हणाली.

"मी बसलो की ती उठेल." बाबांचा आवाज अगदी साधा होता, रोजचा. "मी बसलो की तिने उठायचं, हेच तर होतं आमचं. आता कुठे टेकली आहे."

टकळीने ताट ओट्यावर ठेवलं. मग तिने तेच केलं जे ती ऑफिसात करायची, माणूस कुठल्या कामासाठी कुठे जातो ते मनात आखलं. पाणी लागतं म्हणून उठायचं. वाढायला उठायचं. मीठ, पेले, हात पुसायचं फडकं.

तिने रश्श्याचं अख्खं पातेलं उचलून टेबलावर ठेवलं. भाताचं पातेलं. डाव दोन. पाण्याचा जग, चार पेले, मीठ, लोणी, फडकं, रिकामी ताटली. दूध गॅसवरून उतरवून तेही आणलं. दादा म्हणाला, लग्नाची पंगत आहे का. तिने चौथं ताट मांडलं तेव्हा मात्र तो काही म्हणाला नाही. मोबाइल खिशात ठेवला.

"आता कुणालाच कशाला उठायला लागणार नाही," टकळी टेबलाकडे बघून म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना.

बाबा आले. आपल्या उंच खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, पोहायला शिकणारा माणूस काठावर उभा राहतो तसे. मग बसले. चौदा महिन्यांनी. त्यांचा वेत बोलला, कर्र. समोर फळीवाली खुर्ची होती, आणि बाबांचं तोंड सरळ तिच्याकडे.

टकळी मांडी घालून बसली आणि श्वास धरला. नळातून थेंब पडला. बाबांनी भात कालवला. एक घास. दुसरा. काही झालं नाही. दादाने घास तोंडात घातला, चावला, आणि तीस वर्षांच्या सवयीने, कुणाकडेही न बघता म्हणाला,

"मीठ कमी आहे."

टिक.

आवाज चौथ्या खुर्चीतून आला होता. टिक, पुन्हा. आईबाबांच्या घरात हे तीन शब्द ऐकल्यावर काय व्हायचं ते तिला माहीत होतं. बाबांनाही. त्यांचा घास हातातच राहिला. टिक.

"बस," बाबा म्हणाले.

दादाने मान वर केली.

"बस गं. मीठ इथेच आहे." बाबांनी डावा हात लांब करून मिठाची वाटी उचलली आणि दादापुढे ठेवली. मग आपल्या ताटातही चिमूटभर घेतलं. "मी दिलं त्याला. तू जेव."

स्वयंपाकघरात काहीच हललं नाही. टकळी मनात मोजत होती, दहा, अकरा, बारा. चौथी टिक यायची होती. सतरा. अठरा.

कर्र.

लांब, सावकाश, पूर्ण. एखादं दमलेलं माणूस मागे रेलून सगळा भार सोडून देतं तेव्हाचा.

दादाने टेबलाखाली डोकावून पाहिलं, सांधा ढिला असणार म्हणाला, जुन्या खुर्च्या घेताना सांधे हलवून बघायचे असतात टकळे, आणि तिला जवळजवळ हसू फुटलं. डोळे पुसत ती म्हणाली, हो रे, विसरले.

"ढिलाबिला काही नाही," बाबा म्हणाले. त्यांनी डाव उचलून स्वतःच्या हाताने आणखी रस्सा वाढून घेतला. दुसऱ्यांदा. "टेकली आहे दोन मिनिटं."

दादा बराच वेळ बाबांकडे बघत राहिला. मग चौथ्या ताटाकडे. मग त्यानेही आपली खुर्ची जराशी पुढे ओढून घेतली.

अडीच वाजून गेले तरी कुणी उठलं नाही. साडेतीनला दादा एकटाच निघाला, आणि जाताना बाबांची बॅग दारातून उचलून आतल्या खोलीत ठेवून गेला. बाबांनी ओरडून विचारलं की तिथे का ठेवतोस, आणि तो जिन्यावरून म्हणाला, पायात येते.

टकळी ताटं गोळा करायला उठली. तिचा वेत टिकटिकला, बाबांचा टिकटिकला. जाता जाता तिने चौथ्या खुर्चीवर तळहात ठेवला, या वेळी मुद्दाम, आणि तसाच राहू दिला.

उबदार होती.